चार बोटांचे बेअरिंग : प्रीकास्ट मजले आणि भूकंप

इमारतीचा मजला दोन रीतींनी होतो. सेंटरिंग लावून, सळया बांधून जागेवर ओतलेला स्लॅब बीमशी एकजीव असतो. स्लॅबच्या सळया बीममध्ये शिरलेल्या असतात. स्लॅब कुठे संपला आणि बीम कुठे सुरू झाला, हे नंतर कोणाला दाखवता येत नाही. प्रीकास्ट मजला असा नसतो. त्याचे तक्ते कारखान्यात तयार होतात, ट्रेलरवरून साइटवर येतात आणि क्रेनने उचलून एकेक करून बीमच्या कडेवर ठेवले जातात. दहा मीटर लांबीच्या एका तक्त्याचे वजन चार-पाच टन भरते. बीमवर तो टेकतो ती जागा मात्र ५० ते ७५ मिलिमीटर, म्हणजे तीन-चार बोटे रुंद. टेकण्याच्या या जागेला साइटवर बेअरिंग म्हणतात. भूकंपात प्रीकास्ट इमारतीतली माणसे वाचणार की नाही, हे पुष्कळदा या चार बोटांवर ठरते. अभियंत्यांच्या आकडेमोडीत फार उशिरा शिरलेली जागाही हीच.

नेहमीच्या दिवसांत या जोडाला फारसे काम नसते. तक्त्याचे वजन त्याला खाली दाबून धरते, आणि वजन हलत नाही तोवर तक्ताही हलत नाही. भूकंपात मजल्यावर दोन कामे एकदम येऊन पडतात. पहिले काम रोजचेच: स्वतःचे, माणसांचे आणि सामानाचे वजन पेलत राहणे. दुसरे काम आडवे असते. इमारतीचे बहुतेक वजन मजल्यांत असल्यामुळे जमीन हलली की आडवे बलही मुख्यतः मजल्यांतच निर्माण होते. ते बल भिंतींपर्यंत आणि फ्रेमपर्यंत पोचवायचे, सगळे कॉलम एकत्र बांधून ठेवायचे आणि त्यांना एकमेकांपासून दूर जाऊ द्यायचे नाही, हे मजल्यालाच करावे लागते. अभियंते या भूमिकेतल्या मजल्याला डायाफ्राम म्हणतात. पुठ्ठ्याच्या खोक्याचे वरचे झाकण कापून टाकले की खोका हाताच्या धक्क्याने वेडावाकडा होतो. झाकण चिकटवले की तोच खोका ताठ उभा राहतो. मजला हे इमारतीच्या प्रत्येक पातळीवरचे झाकण आहे.

प्रीकास्ट मजल्यात हे झाकण अनेक पट्ट्यांचे असते. शेजारी शेजारी ठेवलेल्या तक्त्यांवर ६५ ते ७५ मिलिमीटर जाडीचे काँक्रीट जागेवर ओततात. हे टॉपिंग. त्यात तारांची जाळी असते आणि बीममधून वर आलेल्या सळयांची टोके टॉपिंगमध्ये काही अंतर आत नेलेली असतात. तक्ते आणि बीम यांना एकत्र धरणारे जे काही असते ते एवढेच: पातळ टॉपिंग, जाळी, सळयांची टोके आणि कडेवरचे घर्षण. वरून पाहिले तर मजला सलग दिसतो, खालून छताचे पॅनेल लावले की जोड झाकला जातो. म्हणूनच या विषयाचा बराचसा भाग डोळ्यांआड असलेल्या जागेविषयी आहे.

तक्त्यांचे प्रकार अनेक. त्यांत सर्वांत जास्त चालणारा होलो-कोर, म्हणजे आतून लांबट पोकळ्या असलेला. शंभर-दीडशे मीटर लांबीच्या पोलादी पाटावर आधी तारांचे दोर ताणून धरतात. मग एक यंत्र त्या पाटावरून सरकत जाते आणि आपल्यामागे कोरडे, घट्ट काँक्रीट दाबून बसवते. काँक्रीट कडक झाले की ताण सोडतात आणि करवतीने हव्या त्या लांबीचे तुकडे कापतात. पोकळ्यांमुळे वजन कमी, ताणलेल्या तारांमुळे मोठी गाळा-लांबी, सेंटरिंग नाही, पाऊस असो वा ऊन काम थांबत नाही. गुण खरे आहेत. पण सरकत्या यंत्रामागे काँक्रीट दाबले जात असल्यामुळे त्यात आडव्या रिंगा किंवा वरच्या बाजूच्या सळया घालता येत नाहीत. दोन पोकळ्यांमधल्या पातळ भिंती निव्वळ काँक्रीटच्या असतात. ताणलेल्या तारा तेवढ्या तळाशी. वरच्या बाजूने ताण आला, तक्त्याला पीळ बसला किंवा त्या पातळ भिंतींना चीर गेली, तर तिथे धरून ठेवायला पोलाद नसते. काँक्रीट तडकते, आणि तडकणे म्हणजे तुटणेच.

या मजल्यांच्या भूकंपातल्या वागण्याचा सर्वांत सखोल अभ्यास न्यूझीलंडमध्ये झाला, आणि त्यामागे एक वेदनादायक विसंगती आहे. भूकंपरोधक काँक्रीट फ्रेमची आधुनिक पद्धत ज्या देशांनी घडवली त्यांत हा छोटा देश अग्रभागी होता. क्राइस्टचर्चच्या कँटरबरी विद्यापीठातले रॉबर्ट पार्क आणि टॉम पॉले यांचा काँक्रीटवरचा १९७५ चा ग्रंथ जगभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत वापरला गेला. त्यांनी रुजवलेला विचार असा: मोठ्या भूकंपात इमारत अजिबात न वाकता टिकावी, असा आग्रह परवडणारा नाही, तेव्हा ती कुठे वाकेल हे आपणच ठरवावे. कॉलम जास्त बळकट ठेवावेत, बीम तुलनेने कमी. म्हणजे बीमच्या टोकाशी सळया ताणल्या जातील, तिथे बिजागरी तयार होईल, भूकंपाची ऊर्जा त्या बिजागऱ्यांत जिरेल आणि कॉलम उभे राहतील. हा विचार बरोबर होता आणि आजही आहे. १९८० च्या दशकात न्यूझीलंडच्या शहरांत याच पद्धतीच्या फ्रेम झपाट्याने उभ्या राहिल्या, आणि त्यांवर मजले घातले गेले ते प्रीकास्ट.

अडचण बिजागरीतच होती. काँक्रीटचा बीम एकदा वाकून सळया ताणल्या गेल्या की भेग उघडते. जमीन उलट्या दिशेने हलली म्हणजे ती भेग मिटायला हवी. पण ताणून लांब झालेल्या सळया दाबून पुन्हा मूळ लांबीला आणणे सोपे नसते, आणि खडीचे सुटलेले कण भेगेत पाचरीसारखे अडकतात. शिवाय बीमचे टोक वळते ते दाबाखालच्या कोपऱ्याभोवती, त्यामुळे मधल्या पातळीवर लांबी वाढतेच. प्रत्येक हेलकाव्यागणिक बिजागरी थोडी थोडी लांबत जाते. ही वाढ साधारणपणे बीमच्या खोलीच्या २ ते ४ टक्के होते. बीम ७५० मिलिमीटर खोल असेल तर एका बिजागरीत १५ ते ३० मिलिमीटर. बीम लांबला की त्याच्या दोन टोकांचे कॉलम एकमेकांपासून दूर ढकलले जातात, कॉलमबरोबर आडवे बीम सरकतात, आणि त्या आडव्या बीमच्या कडेवर टेकलेला तक्ता जागच्या जागी राहतो. म्हणजे त्याच्याखालची कड निघून जाऊ लागते. कडेचे काँक्रीटही याच वेळी ढासळत असते. तक्त्याचे टोक झिजून फुटत असते. ५० मिलिमीटरच्या बेअरिंगमधून ३० मिलिमीटर सरकण्यात गेले आणि १५ मिलिमीटर कड फुटून गेली, तर उरले काय, याचे उत्तर शाळकरी मुलगाही देईल. फ्रेमचा जो गुण तिला वाचवतो, तोच गुण तिच्यावरच्या मजल्याला खाली ढकलतो. हा या विषयाचा गाभा आहे, आणि तो लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काहीही नीट कळत नाही.

बेअरिंग सुटणे हा मजला पडण्याचा एकच मार्ग नव्हे. भूकंपात मजल्यामजल्यात आडवा कल येतो; न्यूझीलंडचे भारमानक मोठ्या भूकंपासाठी मजल्याच्या उंचीच्या अडीच टक्क्यांपर्यंत कल मान्य करते. साडेतीन मीटर उंचीच्या मजल्यात ही सरक ८७ मिलिमीटर होते. आधाराचा बीम कॉलमबरोबर तेवढाच कलतो, तक्ता मात्र सरळ राहू पाहतो, आणि दोघांमध्ये कोन तयार होतो. त्या कोनाचा ताण कुठे तरी बाहेर पडतोच. पोकळ्यांत काँक्रीट भरून किंवा ग्राउट घालून तक्त्याचे टोक बीमशी जखडलेले असेल, तर एका दिशेच्या हेलकाव्यात तक्त्याच्या तळाला, आधाराच्या अगदी जवळ, भेग पडते. तारांची पकड त्या टोकाशी अजून पुरती बसलेली नसते, कारण काँक्रीटला आपला ताण पूर्णपणे द्यायला तारेला काही अंतर लागते. मग भेगेपलीकडचा तुकडा कडेवर राहतो आणि उरलेला तक्ता खाली येतो. उलट दिशेच्या हेलकाव्यात ताण वरच्या बाजूला येतो. बीममधून टॉपिंगमध्ये आलेल्या सळया जिथे संपतात, तिथपर्यंत मजला बळकट असतो. त्याच्या पुढे एकाएकी फक्त जाळी. भेग नेमकी तिथे पडते, जाळीच्या तारा तटातट तुटतात, आणि वरच्या बाजूला सळई नसलेला तक्ता तिथूनच मोडतो. या दुसऱ्या प्रकारात बेअरिंग कितीही रुंद असले तरी त्याचा उपयोग होत नाही. जोड जास्त घट्ट केला म्हणजे सुरक्षा वाढते, ही साइटवरची स्वाभाविक समजूत इथे उलटी पडते. जास्त सळया, जास्त भरणी, जास्त जखडण हे सगळे मोडण्याची जागा थोडी आत सरकवते, इतकेच.

तिसरा प्रकार कडेच्या तक्त्यांचा. ज्या बीमच्या बाजूने, त्याला समांतर, तक्ता टाकलेला असतो तो बीम भूकंपात इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो. तक्ता तसा वाकू शकत नाही, पण टॉपिंगने तो बीमला बांधलेला असतो. मग पोकळ्यांमधल्या पातळ भिंती आडव्या चिरतात. वरचा अर्धा भाग टॉपिंगला चिकटून राहतो आणि तारांसह खालचा अर्धा भाग सुटतो. वरून चालणाऱ्या माणसाला मजला शाबूत वाटतो.

हे सारे कागदावरचे अंदाज नव्हेत. कँटरबरी विद्यापीठात २००० नंतरच्या वर्षांत जेफ मॅथ्यूज या संशोधकाने प्रयोगशाळेत खऱ्या मापाचा फ्रेमचा तुकडा आणि त्यावरचा होलो-कोर मजला उभा केला आणि तो भूकंपासारखा मागेपुढे हलवला. तोवर बहुतेक प्रयोग सुट्या जोडांचे होत: एक तक्ता, एक कड, एक जॅक. त्यांत बीमचे लांबणे येतच नव्हते. संपूर्ण तुकडा हलवल्यावर फ्रेमने आपले काम चोख केले आणि मजला कोसळला. कडेचा तक्ता चिरून त्याचा तळ सुटला, बेअरिंग सुटली, जाळी तुटली. २००४ च्या प्रबंधात हे सर्व नोंदले गेले, आणि त्या काळी रूढ असलेली जोडपद्धत मोठ्या भूकंपाला पुरेशी नाही हे उघड झाले. रिचर्ड फेनविक, डेस बुल या अभियंत्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापुढे बीमच्या लांबण्याचे आणि मजल्याच्या मोडण्याचे हिशेब पद्धतशीर मांडले.

त्यानंतर न्यूझीलंडच्या काँक्रीट मानकात २००४ मध्ये दुरुस्ती झाली आणि २००६ च्या नव्या आवृत्तीत ती पक्की झाली. नव्या रचनेचा विचार सुटसुटीत आहे. बेअरिंग किमान ७५ मिलिमीटर हवे. तक्त्याखाली कमी घर्षणाची पट्टी हवी, म्हणजे तो फाडाफाड न करता सरकू शकेल. टोकाच्या पाठीमागे दबणारा थर हवा, म्हणजे तक्ता बीमवर आपटून जखडला जाणार नाही. टॉपिंगमध्ये ठिसूळ जाळीऐवजी ताणली जाणारी सळई हवी. आणि समांतर बीम व पहिला तक्ता यांच्यामध्ये जागेवर ओतलेल्या पातळ स्लॅबचा पट्टा सोडायला हवा, म्हणजे बीमचे वाकणे त्या पट्ट्यात जिरेल. पाचही गोष्टी मजल्याला थोडे मोकळे ठेवतात. जखडण्याऐवजी हलण्याला वाव द्यायचा, हा धडा फ्रेमसाठी तीस वर्षे आधी शिकला गेला होता. मजल्यापर्यंत यायला त्याला २००४ उजाडावे लागले. तोपर्यंत शेकडो इमारती जुन्या पद्धतीने उभ्या राहून वापरात आल्या होत्या.

क्राइस्टचर्चला २२ फेब्रुवारी २०११ रोजी दुपारी १२ वाजून ५१ मिनिटांनी बसलेल्या धक्क्याने १८५ माणसांचा बळी घेतला. सर्वाधिक मृत्यू ज्या इमारतींत झाले त्यांचे मजले होलो-कोरचे नव्हते, हे स्पष्ट नोंदवायला हवे. तरी प्रीकास्ट मजल्यांबद्दल त्या शहराने पुष्कळ शिकवले. क्लॅरेंडन टॉवर या उंच इमारतीत बाहेरच्या फ्रेमचे बीम लांबले, फ्रेमलगत मजल्यात रुंद भेगा पडल्या आणि जाळीच्या तारा तुटल्या. प्रयोगशाळेतला देखावा खऱ्या इमारतीत उतरला होता. जिन्यांची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. फोर्सिथ बार इमारतीतले प्रीकास्ट जिने कोसळले आणि वरच्या मजल्यांवर अडकलेल्या लोकांना दोरांनी आणि क्रेनने उतरवावे लागले. प्रीकास्ट जिना म्हणजे तिरपा ठेवलेला तक्ताच: एक टोक पक्के, दुसरे कडेवर सरकते. सरकण्यासाठी ठेवलेल्या फटीत चुरा किंवा मॉर्टर भरले गेले असेल, तर इमारत एका बाजूला झुकताना जिना दाबला जाऊन आखडतो आणि ती परत फिरताना कडेवरून निसटतो. भूकंपाच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनने या फटींकडे मुद्दाम लक्ष वेधले. फट मोकळी ठेवणे नकाशावर एका रेषेचे काम असते. साइटवर ती मोकळी राहते की नाही, हे शेवटच्या दिवशी झाडू मारणाऱ्या हातावरही अवलंबून असते.

मग १४ नोव्हेंबर २०१६ ची मध्यरात्र आली. १२ वाजून २ मिनिटांनी दक्षिण बेटाच्या ईशान्य भागात कैकोराचा ७.८ तीव्रतेचा भूकंप सुरू झाला. वीसहून अधिक भ्रंश एकामागून एक फाटत ईशान्येकडे, वेलिंग्टन राजधानीच्या दिशेने सरकत गेले. केंद्र राजधानीपासून दोनशे किलोमीटरहून दूर होते. पण बंदरालगतच्या भागात जमिनीखाली गाळाचे आणि भरावाचे जाड थर आहेत, आणि त्या थरांनी एक ते दोन सेकंदांचे संथ हेलकावे वाढवले. मध्यम उंचीच्या लवचिक फ्रेमची लय साधारण तीच असते. कमी उंचीच्या कडक इमारती आणि जुनी दगडविटांची घरे तुलनेने बचावली. ताण पडला तो आधुनिक, नियमानुसार बांधलेल्या इमारतींवर.

बंदराच्या परिसरातली स्टॅटिस्टिक्स हाऊस ही पाच मजली इमारत २००५ ची, म्हणजे अकरा वर्षांची. तिची फ्रेम लवचिक, मजले डबल-टी जातीच्या, म्हणजे दोन टी अक्षरे जोडल्यासारख्या छेदाच्या, प्रीकास्ट तक्त्यांचे. फ्रेम उभी राहिली. बीम लांबले, कडा फुटल्या, आणि काही तक्ते आपल्या जागेवरून सुटून खालच्या मजल्यावर आले. सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांच्या चौकशीने २०१७ मध्ये जी कारणे मांडली ती वर आलेलीच आहेत: थरांमुळे वाढलेले हेलकावे, भूकंपाचा लांबलेला कालावधी, फ्रेमची लवचिकता, बीमचे लांबणे आणि आधाराच्या कडेचे फुटणे. त्या रात्री इमारतीत काम सुरू नव्हते. तोच भूकंप बारा तास उशिरा, सोमवारच्या दुपारी आला असता, तर त्या तक्त्यांखालच्या टेबलांशी कर्मचारी बसलेले असते. या एका विचाराने न्यूझीलंडमधली या विषयाची चर्चा कायमची बदलली. इमारत पुढे पाडली गेली.

त्यानंतर देशभर जुन्या प्रीकास्ट मजल्यांची तपासणी सुरू झाली आणि एक अवघड गोष्ट पुढे आली. भूकंपाने झालेले नुकसान शोधणेच कठीण आहे. कार्पेट उचलून टॉपिंगवरच्या भेगा पाहता येतात, छताचे पॅनेल काढून कडा तपासता येतात. पण पोकळ्यांमधल्या भिंतींतली चीर बाहेरून दिसत नाही. त्यासाठी तक्त्याला छिद्र पाडून आत कॅमेरा सोडावा लागतो. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये मूल्यमापनाच्या मार्गदर्शक सूचनांतला काँक्रीटवरचा भाग नव्याने प्रसिद्ध झाला आणि प्रीकास्ट मजल्यांची परीक्षा कडक झाली. त्या कसोटीवर वेलिंग्टनचे मध्यवर्ती ग्रंथालय उतरले नाही. वास्तुकार इयन अ‍ॅथफील्ड यांनी घडवलेले, १९९१ मध्ये उघडलेले हे ग्रंथालय शहराचे लाडके ठिकाण होते. कैकोराच्या भूकंपात ते पडले नव्हते. तरी मार्च २०१९ मध्ये होलो-कोर मजल्यांच्या धोक्यापायी ते वाचकांसाठी बंद करण्यात आले. उभी, देखणी, रोज वापरातली इमारत केवळ जोडांच्या हिशेबावरून बंद करायला प्रशासनाचे धैर्य लागते, आणि ते धैर्य योग्य होते.

जुन्या मजल्यांची दुरुस्ती शक्य आहे, पण तिला एकच औषध नाही. कडेखाली पोलादी अँगल बसवून बेअरिंग रुंद करणे हा सर्वांत सोपा उपाय, आणि बेअरिंग सुटण्यावर तो चालतो. तक्ता आत मोडणार असेल तर तोच अँगल निरुपयोगी. तिथे तक्त्याखाली आडवे पोलादी बीम घालावे लागतात किंवा टॉपिंगमध्ये खाच मारून सळयांचा अतिरिक्त जोर कमी करावा लागतो. चिरलेल्या भिंतींच्या तक्त्याला खालून संपूर्ण लांबीत झेलणारी चौकट लागते. कोणता तक्ता कोणत्या मार्गाने पडेल हे आधी ठरवल्याशिवाय अँगल ठोकत सुटणे म्हणजे पैसे घालून खोटा दिलासा विकत घेणे आहे. न्यूझीलंडमधल्या विद्यापीठांनी कैकोरानंतर याच प्रश्नावर खऱ्या मापाच्या मजल्यांचे प्रयोग केले.

न्यूझीलंडमध्ये मुख्य प्रश्न तक्ता आणि बीम यांच्यातल्या जोडाचा होता. इतरत्र तक्त्यांचे एकमेकांशी बांधले जाणेच अपुरे ठरले. आर्मेनियात ७ डिसेंबर १९८८ च्या स्पिताक भूकंपात किमान पंचवीस हजार माणसे गेली. लेनिनाकान शहरातल्या नऊ मजली प्रीकास्ट फ्रेमच्या इमारती मोठ्या संख्येने जमीनदोस्त झाल्या. त्यांचे पोकळ तक्ते टॉपिंगशिवाय टाकलेले, परस्परांशी आणि फ्रेमशी नीट न बांधलेले. फ्रेमचे जोडही तितकेच कमकुवत. त्याच शहरातल्या मोठ्या पॅनेलच्या इमारती, ज्यांच्या भिंती आणि मजले पॅनेलच्या कडांना सलग जोडलेले होते, उभ्या राहिल्या. दोन्ही प्रीकास्टच. दोष कारखान्यात ओतण्याचा नव्हता, जोडण्याचा होता, याचा याहून स्वच्छ पुरावा शोधून सापडणार नाही.

कॅलिफोर्नियात १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपाने प्रीकास्ट वाहनतळ पाडले. वाहनतळाचा मजला लांब-रुंद, आतल्या भिंती नाहीत, आडवे बल पेलणाऱ्या भिंती दूर दूर. पातळ टॉपिंग तक्त्यांच्या सांध्यांवर तडकले, जाळी तुटली, मजल्याचा मधला भाग भिंतींपेक्षा कितीतरी जास्त सरकला आणि फक्त वजन पेलण्यासाठी ठेवलेले आतले कॉलम ती सरक सोसू शकले नाहीत. त्यानंतर अमेरिकी मानकांत डायाफ्रामचे नियम कडक झाले, आणि २००८ मध्ये सॅन दिएगोच्या कंपनमंचावर अर्ध्या मापाची तीन मजली प्रीकास्ट इमारत हलवून नवी रचनापद्धत तपासली गेली. इटलीत २०१२ च्या मे महिन्यात एमिलियातल्या प्रीकास्ट कारखान्यांची छपरे कोसळली. त्यांतल्या असंख्य बीमना कॉलमवर धरून ठेवणारे घर्षणाखेरीज काहीच नव्हते. २९ मेचा धक्का सकाळी नऊच्या सुमारास, कामगार आत असताना आला.

भारतानेही हे एकदा पाहिले आहे. २६ जानेवारी २००१ ला सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी भुजचा भूकंप झाला. त्याच्या थोडेच आधी गुजरातेत प्राथमिक शाळांच्या खोल्या प्रीकास्ट घटक जोडून झपाट्याने बांधल्या गेल्या होत्या. कच्छमधल्या अशा पुष्कळ शाळांची छपरे खाली आली, कारण छताच्या फळ्या एकमेकींशी आणि आधाराशी पुरेशा बांधलेल्या नव्हत्या. प्रजासत्ताक दिनामुळे त्या सकाळी नेहमीचे वर्ग भरलेले नव्हते. वेलिंग्टनची मध्यरात्र आणि कच्छची सुट्टीची सकाळ, दोन्हीकडे माणसे वाचली ती घड्याळामुळे.

आता प्रीकास्टची लाट पुन्हा आली आहे, आणि या वेळी ती महाराष्ट्राच्या दारात आहे. नवी मुंबईत सिडकोच्या सामूहिक घरबांधणीत हे तंत्र वापरले गेले. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात कारखान्यात ओतलेले मजले, जिने आणि भिंती वाढत्या प्रमाणात दिसतात. घरांची गरज पाहता ते स्वागतार्ह आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या राज्यात मात्र ते जोडांच्या ज्ञानाशिवाय येऊ नये. भारतीय मानकांत प्रीकास्ट बांधकामासाठी आयएस १५९१६, भूकंपबलांसाठी आयएस १८९३ आणि काँक्रीटच्या तन्य तपशिलासाठी आयएस १३९२० उपलब्ध आहेत. त्यांतली कलमे वाचणे हे पहिले पाऊल झाले. बीम किती लांबेल आणि त्यानंतर बेअरिंग किती उरेल, हा हिशेब रचनाकाराने प्रत्येक गाळ्यासाठी स्वतंत्र मांडायला हवा, आणि तो आकडा नकाशावर ठळक लिहायला हवा.

पुढचे काम साइटवरच्या इंजिनियरचे आहे. बेअरिंग टेपने मोजावे, कमी घर्षणाची पट्टी आणि पाठीमागचा दबणारा थर जागेवर आहेत हे पाहावे, जिन्याच्या फटीत चुरा नाही याची खात्री करावी, प्रत्येक तक्त्याच्या दोन्ही टोकांचे फोटो काढून ठेवावेत. हे सगळे तक्ते बसल्यानंतर आणि टॉपिंग ओतण्याआधी करावे लागते. ती मुदत बहुधा एखाद-दोन दिवसांचीच असते. त्यानंतर ती जागा इमारतीच्या उरलेल्या आयुष्यात सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही.